जॉबवर्क : ड्रॉइंग, धातू आणि प्लेटिंग

पंप, मोटारसायकल, स्विचगिअर किंवा रुग्णालयातली खाट बनवणारा कारखाना आपल्या मालातले धातूचे सगळे भाग स्वतः क्वचितच करतो. बुश, पिन, स्पेसर, ब्रॅकेट, खास मापाचे बोल्ट असे भाग बाहेरून करून घेतले जातात. पुण्याच्या भोसरी-चाकणमध्ये, नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये, वाळूजमध्ये, कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावमध्ये चार-सहा सीएनसी लेथ आणि एखादी व्हीएमसी मांडून बसलेल्या लहान शेडचा व्यवसाय हाच आहे. दुसऱ्याच्या ड्रॉइंगप्रमाणे, दुसऱ्याने ठरवलेल्या धातूत, दुसऱ्याने मागितलेल्या संख्येत भाग करून द्यायचा. या कामाला सगळीकडे जॉबवर्क म्हणतात. कामाचे वाटप बहुधा धातूनुसार आणि प्रक्रियेनुसार झालेले असते. कोल्हापूरचा परिसर ओतकामासाठी ओळखला जातो, पितळी भागांसाठी गुजरातमधले जामनगर, नटबोल्टसाठी पंजाबातले लुधियाना.

व्यवहाराचे दोन प्रकार पडतात. पहिल्यात कच्चा माल गिऱ्हाईक पाठवतो आणि जॉबवर्क करणारा फक्त मजुरी लावतो. दुसऱ्यात माल, मशीनिंग, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग असे सगळे धरून नगाला एक भाव ठरतो. पहिल्या प्रकारात माल चलनावर जातो-येतो. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे असा कच्चा माल एका वर्षाच्या आत परत आला पाहिजे, नाहीतर तो विकला असे धरून त्यावर कर लागतो. कापताना निघालेल्या चिप्स कोणाच्या, हे या प्रकारात आधीच लिहून ठेवावे लागते. पोलादाच्या बाबतीत हा प्रश्न किरकोळ असतो. पितळेत मात्र अर्धा दांडा चिप्समध्ये जाऊ शकतो आणि पितळेच्या स्क्रॅपला चांगला भाव असतो, त्यामुळे सगळा फायदा चिप्सच्या पिंपातच पडलेला असू शकतो.

करार कागदावर काहीही असो, खरा करार ड्रॉइंग हाच असतो. त्यावर जे नाही ते करून देण्याची जबाबदारी कोणावर नाही आणि जे आहे त्याचे पैसे गिऱ्हाइकाला मोजावे लागतात. ज्या मापापुढे टॉलरन्स लिहिलेला नाही त्याला सर्वसाधारण टॉलरन्स लागू होतो. आयएसओ २७६८ च्या मध्यम वर्गात ६ ते ३० मिलिमीटरच्या मापाला अधिक-उणे ०.२ मिलिमीटर आणि ३० ते १२० च्या मापाला अधिक-उणे ०.३ मिलिमीटर इतकी सूट आहे. ब्रॅकेटच्या बाहेरच्या कडेला एवढी सूट पुष्कळ झाली. बेअरिंग बसणाऱ्या भोकाला ती चालत नाही. २५ मिलिमीटरच्या भोकावर एच ७ लिहिले की माप २५.००० ते २५.०२१ यांच्यामध्येच यावे लागते, म्हणजे एकूण वाव फक्त २१ मायक्रॉनचा. नवख्या डिझायनरची खोड अशी की सगळ्याच मापांना बारीक टॉलरन्स देऊन मोकळे व्हायचे. त्यातले प्रत्येक माप तपासावे लागते, काही मापांसाठी वेगळे टूल किंवा ग्राइंडिंग लागते आणि भाव दुप्पट होतो. भाग मात्र तितकाच चांगला चालतो.

परदेशी कामात आणखी एक सापळा असतो. भारतात आणि युरोपात ड्रॉइंग फर्स्ट अँगल पद्धतीने काढतात, अमेरिकेत थर्ड अँगलने. कोपऱ्यातले छोटे शंकूचे चिन्ह न पाहता काम सुरू केले, तर डाव्या बाजूचे भोक उजवीकडे पडते आणि सगळी खेप आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी तयार होते.

मापाचा विषय निघाला की तापमान आलेच. सर्व मापे २० अंश सेल्सिअसला खरी मानायची, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. चाकणच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात ३८ अंश असताना १०० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा भाग सुमारे ४१ मायक्रॉनने वाढलेला असतो, तेवढाच पोलादी भाग सुमारे २१ मायक्रॉनने. पोलादी भाग पोलादी गेजने मोजला तर दोन्ही सारखेच फुगतात आणि चूक झाकली जाते. ॲल्युमिनियमच्या बाबतीत ही सोय नाही. दुपारी पास झालेला भाग गिऱ्हाइकाच्या वातानुकूलित तपासणी खोलीत लहान भरतो, तो याच फरकाने.

धातू निवडताना ताकदीपासून सुरुवात करायची पद्धत आहे. पण लहान भागांत ताकद बहुतेक वेळा हवी त्याहून जास्तच असते. तेव्हा भाग कशाला घासणार, कुठे भिजणार, त्याला वेल्डिंग लागणार का आणि तो लेथवर किती वेगाने कापला जाणार, हे प्रश्न आधी विचारलेले बरे. साध्या ब्रॅकेटला, पट्ट्यांना माइल्ड स्टील पुरते. आयएस २०६२ मधल्या ई २५० या प्रतीची किमान यील्ड स्ट्रेंग्थ नावाप्रमाणेच २५० मेगापास्कल असते. ते स्वस्त असते, वेल्डिंगला सोपे जाते, पण लेथवर त्याची चिप लांब निघते आणि फिनिश खडबडीत येते. नुसते टर्निंग करून हजारोंनी करायच्या पिन-बुशसाठी ईएन १ ए वापरतात. त्यात मुद्दाम गंधक घातलेले असते, त्यामुळे चिप तुकड्यातुकड्याने तुटते. त्याच गंधकामुळे ते वेल्डिंगला वाईट ठरते.

ईएनने सुरू होणारी ही नावे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, ब्रिटनने पोलादाच्या असंख्य प्रती छाटून केलेल्या आणीबाणीच्या यादीतली आहेत. ब्रिटिश मानकांनी ती १९७० च्या दशकात बाजूला सारली. भारतीय बाजारात मात्र दुकानदार आजही ईएन ८, ईएन २४, ईएन ३१ असेच बोलतो. ईएन ८ मध्ये सुमारे ०.४ टक्के कार्बन असतो. शाफ्ट, चाव्या, स्टड यांना ते चालते. निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असलेले ईएन २४ जास्त भार आणि धक्के सोसणाऱ्या भागांसाठी. बाहेरून कठीण आणि आतून चिवट भाग हवा असेल, गिअर किंवा पिस्टन पिनसारखा, तर २० एमएनसीआर ५ सारखे कमी कार्बनचे पोलाद घेऊन त्याच्या पृष्ठभागात कार्बन मुरवतात.

पोलादाबद्दलचा एक गैरसमज महागात पडतो. दांडा वाकतो म्हणून माइल्ड स्टीलऐवजी ईएन २४ घेतले, वर हार्डनिंगही केले, तरी त्याच भाराखाली तो तितकाच लवतो. सर्व पोलादांचा लवचिकतेचा गुणांक २०५ गिगापास्कलच्या आसपास असतो आणि हीट ट्रीटमेंटने तो बदलत नाही. कठीण पोलाद कायमचे वाकायला किंवा तुटायला जास्त भार घेईल, पण लवणे कमी करायचे तर व्यास वाढवायला हवा. ॲल्युमिनियमचा हाच गुणांक ७० आहे, म्हणजे साधारण एक तृतीयांश, घनताही ७.८५ च्या जागी २.७, म्हणजे तीही एक तृतीयांशच. मशीनिंगसाठी ६०६१ आणि ६०८२ या ॲल्युमिनियमच्या प्रती सर्रास वापरतात. ६०८२ ला जुन्या बाजारात एचई ३० म्हणतात.

स्टेनलेस स्टीलमध्ये फसवणुकीला जागा जास्त. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये त्यावर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, जे समुद्राच्या खाऱ्या हवेत उपयोगी पडते. रत्नागिरी किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर बसवायच्या भागांत ३०४ वर तांबूस डाग पडू लागतात तेव्हा हा फरक कळतो. निकेल महाग असल्याने २०२ या प्रतीत त्यातले बरेचसे मँगनीजने भरून काढलेले असते. बाजारात चुंबक लावून खरे-खोटे ठरवण्याची पद्धत आहे, पण २०२ लाही चुंबक चिकटत नाही, आणि अस्सल ३०४ दाबून-वाकवून घडवले की त्याला थोडे चिकटू लागते. चुंबकाची साक्ष दोन्हीकडून खोटी ठरते. मालाबरोबर टेस्ट सर्टिफिकेट घ्यावे आणि शंका असेल तर स्पेक्ट्रोमीटरवर तुकडा तपासावा, एवढाच मार्ग उरतो.

पितळ महाग, पण लेथवर सर्वांत जलद कापले जाणारे. सहज कापल्या जाणाऱ्या पितळेत २ ते ३ टक्क्यांच्या आसपास शिसे असते. पिळून किंवा दाबून घडवलेल्या पितळेचा एक दोष भारतातच ठळकपणे समोर आला. ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवली की आपोआप तडकत. घडवताना धातूत राहिलेला ताण, दमट हवा आणि घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया यांचा तो एकत्रित परिणाम होता. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याचा उलगडा केला. थोड्या उष्णतेने ताण काढून टाकला की दोष जातो. दाबून केलेल्या पितळी भागांना आजही ही प्रक्रिया सांगावी लागते.

भावाचे गणित समजायला एक सोपे उदाहरण पुरेल. २५ मिलिमीटर व्यासाच्या दांड्यातून ४० मिलिमीटर लांबीचा बुश काढायचा. कापण्याची वाया जाणारी जागा सोडली तरी पोलादाचा तुकडा १५४ ग्रॅमचा होतो. मधले भोक कितीही मोठे असले तरी पैसे या पूर्ण वजनाचेच. मशीनचा दर ताशी ५०० रुपये धरू आणि सेटिंगला दोन तास. सेटिंगचे १००० रुपये ५० नगांवर पसरले तर नगाला २० रुपये, ५००० नगांवर पसरले तर २० पैसे. ‘आधी पन्नास द्या, मग पाच हजारांची ऑर्डर देतो, पण भाव पाच हजारांचाच लावा,’ ही मागणी जॉबवर्कवाल्याच्या पोटावर येते ती या हिशेबामुळे. त्यात टूलची झीज, रिजेक्शन, हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंगला जाण्यायेण्याचा टेम्पो मिळवायचा. उधारीचाही खर्च असतो. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवेत. तसे न झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते, पण पुढची ऑर्डर हवी असलेला सहसा ते मागत नाही.

प्लेटिंगचा खर्च नगाच्या भावात थोडा असतो, म्हणून त्याचा विचारही शेवटी होतो. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘झिंक प्लेटेड’ एवढेच लिहिलेले असते. किती जाड, कोणते पॅसिव्हेशन, माप प्लेटिंगच्या आधीचे की नंतरचे, यातले काहीही नसते. निम्म्याअधिक भांडणांचे मूळ त्या दोन शब्दांत असते, कारण प्लेटिंग हे रंगकाम नाही. ते मापात भर घालते आणि कधीकधी पोलादाचा स्वभावच बदलते.

पोलादावर जस्त चढवण्यामागचे रसायन साधे आहे. पाणी आणि क्षार यांच्या सान्निध्यात दोन धातू एकत्र आले की जो जास्त सक्रिय तो झिजतो आणि दुसऱ्याला वाचवतो. जस्त लोखंडापेक्षा सक्रिय, त्यामुळे थरावर ओरखडा उठला तरी आजूबाजूचे जस्त स्वतः झिजून उघड्या पोलादाचे रक्षण करते. निकेलचे उलट आहे. निकेल लोखंडाहून कमी सक्रिय असल्याने ते फक्त आडोसा देते. थरात सूक्ष्म छिद्र राहिले तर तेवढ्या जागी पोलादच झिजते, आणि उघड्या पोलादापेक्षा वेगाने, कारण भोवतालचा सगळा निकेल त्या एका बिंदूवर उलटलेला असतो. चकचकीत दिसते म्हणून बाहेर पावसात राहणाऱ्या भागाला पातळ निकेल सांगणे म्हणूनच चूक. सायकलच्या हँडलवर दिसणारा क्रोम तर अर्ध्या मायक्रॉनहून पातळ असतो. गंज अडवतो तो त्याखालचा निकेलचा जाड थर.

जस्ताचा थर बहुधा ५ ते १२ मायक्रॉन असतो. फॅरेडेच्या नियमाने हिशेब केला तर एका चौरस डेसिमीटरवर एक अँपिअर प्रवाह तासभर दिल्यास सुमारे १७ मायक्रॉन जस्त बसते. प्रत्यक्षात ते सारखे बसत नाही. कडा आणि टोके यांच्याकडे प्रवाह जास्त वळतो, तिथे थर जाड होतो. खोल भोकात आणि आतल्या कोपऱ्यात तो पोचतच नाही. लहान भाग बॅरलमध्ये भरून फिरवतात, मोठे किंवा नाजूक भाग रॅकला टांगतात. रॅकवर जिथे भाग तारेला टेकतो तिथे डाग राहतो, म्हणून टांगायची जागा ड्रॉइंगवर दाखवलेली बरी. तळ बंद असलेल्या भोकात ॲसिड अडकते आणि आठवड्याभराने तिथून पांढरी भुकटी बाहेर येते. डिझायनरने एक लहान आरपार छिद्र दिले असते तर हे टळले असते.

आट्यांच्या बाबतीत मापाचे गणित अनपेक्षित आहे. गोल दांड्यावर ८ मायक्रॉनचा थर दिला की व्यास १६ मायक्रॉनने वाढतो, कारण थर दोन्ही बाजूंना बसतो. पण मेट्रिक आट्याचे उतार परस्परांशी ६० अंशांचा कोन करतात. उतारावर लंब दिशेने बसलेला थर त्रिज्येच्या दिशेने मोजला तर दुप्पट होतो, आणि दोन्ही बाजू मिळून पिच व्यास थराच्या चौपट, म्हणजे ३२ मायक्रॉनने वाढतो. एम १० च्या नेहमीच्या बोल्टला ६ जी या वर्गात नेमकी ३२ मायक्रॉनचीच मोकळीक दिलेली असते. एम ६ ला ती २६ आहे, म्हणजे साडेसहा मायक्रॉनपर्यंतचा थर बिनधोक. त्यापुढे नट हाताने फिरायचा थांबतो. मग कोणीतरी नटात पुन्हा टॅप फिरवतो आणि आतल्या आट्यांवर चढवलेले जस्त चिप्समध्ये जाते. वितळलेल्या जस्तात सुमारे ४५० अंशांना बुडवून केलेल्या गॅल्व्हनायझिंगचा थर ५० मायक्रॉनच्या वर जातो. तिथे नट मुळातच मोठ्या मापाचा कापावा लागतो.

यापेक्षा गंभीर धोका डोळ्यांना दिसत नाही. ॲसिडने साफ करताना आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन तयार होतो. त्यातला काही पोलादात शिरतो. मऊ पोलादाला त्याने फरक पडत नाही. पण ज्याची ताकद साधारण १००० मेगापास्कलच्या वर आहे ते पोलाद ठिसूळ होते. बोल्ट व्यवस्थित आवळला जातो आणि काही तासांनी किंवा दिवसांनी, वाढीव भार नसताना, डोके उडून पडते. उपाय म्हणजे प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत भाग भट्टीत घालून १९० ते २२० अंशांना कित्येक तास तापवायचा, आणि पॅसिव्हेशन त्यानंतर करायचे, कारण पॅसिव्हेशनचा पापुद्रा ही उष्णता सोसत नाही. हा क्रम प्लेटिंगवाल्याला सांगितला नाही तर तो पाळला जात नाही. भाग हार्डन केलेला आहे हे त्याला पाहून कळणार कसे? १२.९ ग्रेडच्या बोल्टसाठी तर टाकीतले जस्त टाळून जस्ताच्या कणांचे लेपन सांगतात, ज्यात विजेचा आणि ॲसिडचा संबंध येत नाही.

पॅसिव्हेशन म्हणजे जस्तावरचा रासायनिक पापुद्रा. पूर्वीचा पिवळसर, इंद्रधनुषी झाक असलेला पापुद्रा षट्संयुजी क्रोमियमचा असे. हे संयुग कर्करोगकारक आहे. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांत त्याचे प्रमाण ०.१ टक्क्यावर रोखले. मोटारींसाठीही वेगळे निर्बंध आले. निर्यातीच्या साखळीतून हा नियम भोसरीच्या टाक्यांपर्यंत पोचला आणि त्रिसंयुजी क्रोमियमचा निळसर-पांढरा पापुद्रा रूढ झाला. क्रोम प्लेटिंगचा घट्ट धातुरूप थर मात्र विषारी नाही. विषारी असते ती टाकी. हार्ड क्रोम केलेले हायड्रॉलिक रॉड त्यामुळे आजही वापरात आहेत. त्यांचा थर जाड असतो आणि नंतर ग्राइंड करून मापात आणावा लागतो.

आतून-बाहेरून अवघड आकाराच्या भागाला इलेक्ट्रोलेस निकेल चांगले. १९४६ मध्ये अमेरिकेत ब्रेनर आणि रिडेल यांनी ही पद्धत मांडली. यात वीज नसते. द्रावणातल्या हायपोफॉस्फाइटमुळे निकेल आणि फॉस्फरस सगळीकडे सारख्या जाडीने बसतात, भोकातसुद्धा. ४०० अंशांना तासभर तापवल्यावर हा थर हार्ड क्रोमच्या जवळ जाणारा कठीणपणा देतो. किंमत जास्त, पण एच ७ च्या भोकाला गंजरोधक थर हवा असेल तर जाडी आधीच हिशेबात धरून भोक मोठे कापता येते, हा भरवसा दुसऱ्या पद्धतींत नाही. विजेच्या भागांचा विचार निराळा. तांब्याच्या बसबारला कथिल किंवा चांदी देतात. सोन्याच्या संपर्कबिंदूखाली निकेल घालतात, नाहीतर तांबे हळूहळू सोन्यात मिसळून वर येते.

ॲल्युमिनियमचे ॲनोडायझिंग या सगळ्यांहून वेगळे. तिथे बाहेरचा धातू चढत नाही, ॲल्युमिनियमचेच ऑक्साइड होते. हार्ड ॲनोडायझिंगचा निम्मा थर आत जातो, निम्मा बाहेर वाढतो. म्हणजे ४० मायक्रॉनचा थर दिला तर भोकाचा व्यास ४० मायक्रॉनने घटतो आणि मघाचे २१ मायक्रॉनचे एच ७ भोक बाद होते. ऑक्साइड वीजरोधक असल्याने अर्थिंगची जागा झाकून ठेवावी लागते. भरपूर सिलिकॉन असलेल्या एडीसी १२ सारख्या डायकास्टिंगवर रंग कधीच स्वच्छ येत नाही, राखाडीच राहतो. तिथे पावडर कोटिंग सांगणे शहाणपणाचे.

टाक्यांतून निघणाऱ्या पाण्यामुळे इलेक्ट्रोप्लेटिंग प्रदूषण मंडळाच्या लाल वर्गात मोडते. षट्संयुजी क्रोमियम आधी आम्ल पाण्यात मेटाबायसल्फाइटने त्रिसंयुजी करून मग चुन्याने गाळरूपात खाली बसवावे लागते. बाहेर सोडलेल्या पाण्यात ते लिटरला ०.१ मिलिग्रॅमहून जास्त चालत नाही. सायनाइडचे पाणी वेगळे ठेवून क्लोरीनयुक्त रसायनाने नष्ट करतात. ते चुकून ॲसिडच्या नाल्यात गेले तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. बाजारभावापेक्षा फार स्वस्त प्लेटिंग मिळत असेल, तर बहुधा हाच खर्च वगळलेला असतो, आणि शेड बंद पडल्यावर अडकतो तो गिऱ्हाइकाचा माल.

तयार भागाच्या थराची जाडी एक्स-रे फ्लुओरेसन्सने मोजतात. गंजरोधाची चाचणी ३५ अंशांना ५ टक्के मिठाच्या पाण्याच्या तुषारात होते. ड्रॉइंगवर ‘७२ तास पांढरा गंज नको’ असे लिहितात. हे तास वर्षांत बदलायचे सूत्र नाही. दोन खेपा सारख्या आहेत का, एवढेच ही चाचणी नीट सांगते. मोजमाप कुठे घ्यायचे तेही ठरवावे लागते, कारण कडेवर १५ मायक्रॉन असलेल्या भागाच्या मध्यावर पाचच निघू शकतात. आट्यांचे भाग प्लेटिंगनंतर पुन्हा गो आणि नो-गो गेजने तपासायचे, कोरडे करायचे, हातमोजे घालून गंजरोधक कागदात गुंडाळायचे. पावसाळ्यात ओल्या खोक्यात भरलेल्या नगांवर पांढरा गंज टेम्पोतच सुरू होतो. मग दोष टाकीचा, खोक्याचा की वाहतुकीचा, हे ठरवायला खेपेबरोबर राखून ठेवलेले दोन-चार नमुने उपयोगी पडतात.